हुरड्याच्या आगटीभोवती दुकानाची बैठक

व्यापारी बंधूंनो, दुकानातल्या माणसांची बैठक आपण कशी घेतो? शटर अर्धे खाली ओढतो, स्वतः गादीवर बसतो, माणसे काउंटरपलीकडे उभी राहतात आणि आपण बोलू लागतो. पंधरा मिनिटांनी विचारतो, "कुणाची काही अडचण?" कोणी काही बोलत नाही. मग आपण समजतो की सगळे ठीक चालले आहे. कापडाच्या धंद्यात वीस-बावीस वर्षे मीही असेच समजत होतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीचा मोसम संपला आणि दुकानात एक विचित्र त्रास सुरू झाला. साडीला दिलेला ब्लाउजपीस जुळत नाही, निळा अस्तर मागितला तर काळा गेला, अशा तक्रारी घेऊन गिऱ्हाईके परत येऊ लागली. आमच्या धंद्यात कापलेला तुकडा परत घेणे म्हणजे शुद्ध नुकसान. तो कटपीसच्या ढिगात जातो. मी काउंटरवरच्या दोन पोरांना सर्वांदेखत झापले. एकदा नव्हे, चार-पाचदा. त्यांनी उलट उत्तर दिले नाही, पण दुपारचा डबा ती वेगळी बसून खाऊ लागली. त्यातला एक ईदनंतर काम सोडणार, असे मुनीमजींकडून कानावर आले. हाताखाली तयार झालेला सेल्समन जातो तेव्हा त्याच्या ओळखीची गिऱ्हाईकेही जातात, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

त्या वेळी पौष महिना चालू होता. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे बाजार थंड असतो. आणि नेमका तोच आपल्या जिल्ह्यात हुरड्याचा मोसम. पाथर्डी रस्त्याला एका स्नेह्याचे ज्वारीचे शेत आहे. दुकान एक दिवस बंद ठेवून मी सगळ्यांना तिकडे नेले. दोन सेल्समन, साड्या दाखवणाऱ्या दोन भगिनी, मुनीमजी, हमाल, शिलाईचे दोन कारागीर आणि ज्यांना सगळा बाजार मामू म्हणतो ते आमचे सर्वांत जुने माणूस, एवढे जण होते.

पहिला तास मी वाया घालवला. खिशातून डायरी काढली आणि झाडाखाली उभा राहून तेच भाषण सुरू केले जे दुकानात देत असे. माणसे खाली मान घालून बसली. म्हणजे मी शेतात गेलो, पण गादी बरोबर घेऊन गेलो! शेवटी शेतकरी स्नेही म्हणाले, "शेठ, कणसं जळतील, या इकडं."

हुरडा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना ठाऊक आहे की तो उभ्याने खाता येत नाही. जमिनीत आगटी करतात, गोवऱ्यांचा विस्तव पेटवतात, कोवळी कणसे निखाऱ्यात भाजतात आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे सोडवतात. सगळ्यांना गोल बसावे लागते आणि सगळ्यांचे हात कामात असतात. मला कणीस चोळता येईना, बोटे भाजली. पोरे हसली, मग मामूंनी माझ्या हातातले कणीस घेऊन चोळून दिले. त्या हसण्यानंतर बोलणे आपोआप सुरू झाले. कोणी भाव बोलले, कोणी बसच्या वेळा, कोणी मुलाची शाळा.

बऱ्याच वेळाने हमाल म्हणाला, "शेठ, राग मानू नका. मामूंना निळं आन् काळं आता येगळं दिसत नाही. पोरं दोन वर्षं झाकून घेत्यात."

सगळे गप्प झाले. मामूंनी मान खाली घातली. रंग जुळवण्यात मामूंचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता, म्हणून जुळवणीचे काम मी त्यांच्याकडेच ठेवले होते. पोरे त्यांचे तुकडे गुपचूप बदलत. दिवाळीच्या गर्दीत ते जमले नाही, तेव्हा शिव्या पोरांनी खाल्ल्या आणि मामूंचे नाव घेतले नाही.

तुम्ही विचाराल, ही गोष्ट दुकानात का कळली नाही? माझे मत असे की दुकानात जो बोलतो तो मालकाकडे तक्रार करतो. आगटीभोवती जो बोलतो तो आपल्या माणसांत बोलतो. समोरासमोर उभे राहून जे तोंडातून निघत नाही, ते हात कामात आणि नजर विस्तवावर असताना निघते.

आपल्याच शहराच्या किल्ल्यातला एक दाखला आठवतो. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते तेथे कैदेत आणले गेले. सगळ्यांची मते एक नव्हती. नेहरूंनी लिहून ठेवले आहे की अंगणातली जमीन दगडगोट्यांनी भरलेली होती, तरी तासन्‌तास खणून त्यांनी फुलांचे वाफे तयार केले. मौलानांच्या 'गुबार-ए-खातिर'चा धडा आम्ही उर्दू शाळेत वाचला, पण ते पुस्तक आपल्या गावच्या किल्ल्यातले, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. इतक्या मोठ्या माणसांनाही कोंडलेल्या जागेत एखादे अंगण आणि हाताला काम लागले.

आता पुढचा, जास्त कठीण भाग. गोष्ट कळल्यावर मालक काय करतो, यावर सगळे अवलंबून आहे. मी मामूंचा पगार कापला असता किंवा त्यांना घरी बसवले असते, तर पुन्हा कोणी माझ्यासमोर तोंड उघडले नसते. पहिले काम म्हणून तिथेच त्या दोन पोरांची सर्वांदेखत माफी मागितली. झापले सर्वांदेखत, तर माफीही सर्वांदेखत. त्याच आठवड्यात मामूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्यात गडद रंगांतला फरक कळेनासा होतो, हे मला तेव्हा समजले. शस्त्रक्रिया होईपर्यंत मामू घडी-गठ्ठ्याच्या कामावर बसले. जुळवणीची जागा आम्ही आतल्या पिवळ्या दिव्याखालून दाराच्या उजेडात आणली. ही सूचना शिलाईच्या कारागिराची. तो म्हणाला, मी तर सुरुवातीपासून दोरा दारात येऊनच जुळवतो. मला कोणी विचारलेच नव्हते!

दुसऱ्या वर्षीपासून मी बैठकीत एक हिशेब उघडा ठेवू लागलो. ही कल्पना नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची. १९८९ मध्ये पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. त्या गावात पाऊस किती पडला, पाणी किती आहे, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरते. उसासारखी पाणी पिणारी पिके आणि शेतीसाठी बोअर घेणे गावाने बंद केले. हिशेब स्वतः पाहिला की माणूस बंधनही मानतो. मी कटपीसमधले वर्षाचे नुकसान मांडतो. सगळा गल्ला मांडा असे मी म्हणत नाही, पण जो आकडा मांडाल तो खरा असू द्या.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी बैठक साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवू नये. ती सुट्टी कामगाराची आहे. १९४८ च्या दुकान कायद्यापासून ती मान्य आहे. आपला धंद्याचा दिवस द्या आणि पगार कापू नका. भगिनी असतील तर गाडीची सोय करून मगरिबपूर्वी सर्वांना घरी पोचवा. जेवणाला हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ असले की हे मला चालते का, असे कोणालाच विचारावे लागत नाही. हल्ली ठिकठिकाणी तंबू आणि लाउडस्पीकर लावून हुरडा पार्टी विकतात. तेथे बोलणे होत नाही. दोन-तीन माणसांचा कारखाना असेल तर सकाळी चांदबीबी महालावर, म्हणजे शाह डोंगरावरच्या सलाबत खानाच्या मकबऱ्यावर, चहाची किटली घेऊन गेले तरी पुरे.

रमजान थंडीत येतो तेव्हा मात्र मोसम जुळत नाही. १९९७ ते २००० या काळात तसे झाले आणि २०३० मध्ये पुन्हा होईल. त्या वर्षी बैठक रमजानच्या आधी उरकावी.

शेत मात्र दिवाळीतच ठरवून ठेवा. गूळभेंडी, सुरती किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले उत्तरा यांपैकी काय पेरले आहे ते विचारा आणि कणीस दुधात आले की निरोप द्यायला सांगा. दाणा कोवळा राहतो तो थोडेच दिवस; एकदा टणक झाला की पुढच्या पौषापर्यंत थांबावे लागते.