पक्षाघातानंतरचा स्मृतिभ्रंश : आनुवंशिकतेचा वाटा किती?

रक्तवाहिनी तुंबल्याने वा फुटल्याने मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो, तेव्हा पक्षाघात होतो. ग्रामीण भागात यालाच ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. हातापायांतील बळ गेलेले सर्वांना दिसते. त्यानंतर होणारा स्मरणशक्तीचा व आकलनशक्तीचा ऱ्हास मात्र म्हातारपणाच्या खाती जमा होतो, किंवा ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ असे म्हणून सोडून दिला जातो. या समजुतीत तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

आनुवंशिकतेचा प्रभाव दोन प्रकारचा असतो. ‘कॅडासिल’ या विरळा आजारात ‘नॉच-३’ या एकाच जनुकातील दोषामुळे मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. ऐन मध्यम वयात पक्षाघात होतो व पुढे बुद्धी क्षीण होते. या जनुकाचा शोध १९९६ साली लागला. माता वा पिता यांपैकी एकास हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

बहुसंख्य रुग्णांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम एकत्र येतो. त्यांपैकी ‘एपीओई’ हे जनुक मेदवाहक प्रथिन घडविते. त्याच्या तीन प्रमुख प्रकारांपैकी चौथ्या क्रमांकाने ओळखला जाणारा प्रकार अल्झायमर रोगाची शक्यता वाढवितो, हे १९९३ साली निदर्शनास आले. पक्षाघातानंतरच्या स्मृतिभ्रंशाशीही त्याचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. तथापि, हा प्रकार असलेल्या प्रत्येकास स्मृतिभ्रंश होतोच असे नाही, आणि नसलेलाही त्यापासून पूर्णपणे सुरक्षित नसतो.

२००९ साली ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. पहिल्या पक्षाघातानंतर दहांपैकी सुमारे एका रुग्णास नव्याने स्मृतिभ्रंश जडतो. पुन्हा झटका आल्यास हे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते, असे त्यातून दिसून आले. म्हणजेच दुसरा झटका टाळणे हाच बुद्धी राखण्याचा मोठा उपाय होय. रक्तदाब व मधुमेह यांवर नियंत्रण, तंबाखूचा त्याग आणि औषधांतील सातत्य या गोष्टी जनुकांवर अवलंबून नाहीत.

महाड तालुक्यातील वरंध व लगतच्या पोलादपूर भागातील अनेक घरांची कर्ती माणसे नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास असतात आणि वृद्ध मंडळी गावी राहतात. औषध घेतल्याचे न आठवणे, पैशांच्या हिशेबात चुकणे, पायाखालची वाट चुकणे ही लक्षणे अशा वेळी शिक्षक, आशा कार्यकर्त्या व पंचायत सदस्य यांनीच हेरली पाहिजेत. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे असे अकस्मात घडल्यास १०८ क्रमांकावर तात्काळ कळवावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते.

आनुवंशिकता हा धोक्याचा इशारा आहे, ललाटलेख नव्हे. घराण्यावर ठपका ठेवून रुग्णास कोपऱ्यात बसविण्याऐवजी त्याचा रक्तदाब नियमितपणे मोजला जाईल, हे गावाने पाहावे.