उन्हात उभी मोटार

(उन्हात उभी केलेली मोटार आतून इतकी का तापते आणि तिची उष्णता कमी करण्यासाठी सूर्याचीच मदत कशी घेता येते, हे या पाठात सांगितले आहे.)

मे महिन्यातील दुपार डोळ्यांसमोर आणा. तुम्ही घरच्या माणसांबरोबर मोटारीने लग्नाला गेला आहात. मोटार मैदानात उन्हात उभी आहे. दोन तासांनी जेवण आटोपून तुम्ही परत येता आणि दार उघडता. भट्टीसारखी गरम झळ अंगावर येते. सीटवर बसावे, तर चटका बसतो. पट्ट्याच्या धातूच्या कडीला हात लावावा, तर तो झटकन मागे घ्यावा लागतो. बाहेरही ऊन आहेच. पण आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता! ही जादा उष्णता आली कोठून?

याचे उत्तर मोटारीच्या काचांत आहे. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो. आतील सीटा आणि समोरचा काळा डॅशबोर्ड तो प्रकाश शोषून घेतात व तापतात. मग त्या वस्तू भोवतालच्या हवेला तापवतात. मोकळ्या जागेत तापलेली हवा हलकी होऊन वर निघून जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. बंद मोटारीत मात्र तिला वाट मिळत नाही. तापलेल्या वस्तूंपासून उष्णतेचे न दिसणारे किरणही निघतात. पण काच त्यांना सरळ बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे उष्णतेला आत येण्याचे दार उघडे आणि बाहेर जाण्याचे दार बंद!

ही उष्णता थोडीथोडकी नसते. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर ऊन सरळ पडले, तर सुमारे १००० वॅट ऊर्जा मिळते. विजेची इस्त्रीही साधारण एवढीच ऊर्जा घेते. अशी तापलेली इस्त्री एखाद्या बंद पेटीत ठेवली, तर काय होईल याची कल्पना करा.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात उन्हात उभ्या मोटारीतील तापमान मोजण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. एका तासात आतील तापमान सरासरी सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढले होते. त्यांपैकी ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. खिडकीची काच थोडी खाली ठेवूनही पाहिली. पण फारसा फरक पडला नाही. छोट्या फटीतून हवा आपणहून फार हळू बदलते. आतील वस्तू मात्र सतत तापत राहतात.

मग उपाय काय? आतील हवा कोणीतरी जोराने बाहेर ढकलली पाहिजे. हे काम पंखा करू शकतो. पण पंख्याला वीज लागते. इंजिन बंद असताना मोटारीच्या बॅटरीवर पंखा तासन्‌तास चालवला, तर बॅटरी उतरेल आणि मोटार सुरूच होणार नाही.

येथे सूर्य मदतीला येतो. सूर्यप्रकाशापासून वीज तयार करणाऱ्या साधनाला सौर घट म्हणतात. 'सौर' म्हणजे सूर्याचा. तुम्ही उर्दूत ज्याला 'शमसी' म्हणता, त्याच अर्थाचा हा शब्द. सिलिकॉनचा उपयोगी सौर घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. असे घट मोटारीच्या छतावर बसवले आणि त्यांना पंखा जोडला, की बॅटरीला हात लावावा लागत नाही. पंखा गरम हवा बाहेर टाकतो आणि बाहेरची हवा आत येते.

यातली गंमत तुमच्या लक्षात आली का? ऊन जितके कडक, तितकी वीज जास्त. ज्या उन्हाने मोटार तापते, त्याच उन्हाने पंखा फिरतो. काट्याने काटा काढावा, तसा हा प्रकार!

ही नुसती कल्पना नाही. १९९२ सालच्या सुमारास जपानच्या माझदा कंपनीच्या ९२९ या मोटारीत अशी सोय मिळत असे. २००९ साली आलेल्या टोयोटा प्रियस या मोटारीच्या काही प्रकारांतही ती होती. त्या मोटारींच्या छतावरील घट मोटार चालवत नसत. मोटार उन्हात उभी असताना ते पंखा फिरवत.

पण या पंख्याची एक मर्यादा आहे. तो आत जी हवा आणतो, ती बाहेरचीच असते. बाहेर ४२ अंश तापमान असेल, तर आतील हवा त्याखाली जाणार नाही. पंख्यामुळे मोटार कमी तापेल. पण थंड होणार नाही.

म्हणून एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. 'पाच मिनिटांत येतो' असे म्हणून लहान मुलाला बंद मोटारीत कधीही सोडून जाऊ नये. पंखा असो वा नसो, काच थोडी उघडी असो वा नसो. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. त्याला दार उघडता येत नाही आणि काय होते आहे हे सांगताही येत नाही. बाजारात थांबलेल्या मोटारीत तुमच्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला बसवून मोठी माणसे निघाली, तर न घाबरता म्हणा, "याला बरोबर घेऊ या." एखाद्या बंद मोटारीत मूल एकटे दिसले, तर लगेच मोठ्या माणसांना हाक मारा आणि ११२ या क्रमांकावर फोन करायला सांगा.

मोटारीला सौर पंखा नसला, तरी काही सोपे उपाय आहेत. मोटार लिंबाच्या सावलीत उभी करावी. समोरच्या काचेला आतून चकचकीत पुठ्ठा लावावा. निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंची दारे काही वेळ उघडी ठेवावीत. उष्णता आत कशी अडकते हे एकदा कळले, की तिला वाट कशी करून द्यावी हेही सुचते.

शब्दार्थ
झळ – गरम हवेचा झोत
शोषून घेणे – आत ओढून घेणे
निष्कर्ष – तपासानंतर निघालेले उत्तर
मर्यादा – सीमा, हद्द
काट्याने काटा काढणे – ज्यामुळे त्रास होतो, त्याच्याच मदतीने तो त्रास दूर करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सौर घट म्हणजे काय?
(आ) सिलिकॉनचा उपयोगी सौर घट कोणत्या साली तयार झाला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) बंद मोटारीतील गरम हवा बाहेर जात नाही.
(आ) सौर पंख्यामुळे मोटारीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड होत नाही.
(इ) लहान मुलाला बंद मोटारीत एकटे ठेवू नये.

प्र. ३. 'जितके – तितके' हे शब्द वापरून दोन वाक्ये तयार करा.

उपक्रम : सारख्या आकाराची दोन खोकी घ्या. दोन्हींवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा. एका खोक्याच्या बाजूंना खाली व वर भोके पाडा. प्रयोगशाळेतील तापमापक दोन्हींत ठेवून ती अर्धा तास उन्हात ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहा व काय आढळले ते वर्गात सांगा.