अंगणातलं नॅरोगेज स्टेशन: फुटाला अर्धा इंच

चला, बाह्या सरसावा! अंगणातल्या छोट्या रेल्वेसाठी आज आपण नॅरोगेजचं एक खेड्यातलं स्टेशन बांधू. दहा इंच लांब, सहा इंच रुंद, टिनाच्या छपराचं, आणि नाव ‘बिरसोला’. गोंदिया–बालाघाट या पूर्वीच्या नॅरोगेज मार्गावरचं दुसरं कुठलं स्टेशन तुमच्या आवडीचं असेल तर ते घ्या, कृती तीच.

पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून आला असाल तर एक लक्षात घ्या: तिथला पसारा छताखाली आहे, आपला उघड्यावर. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन, पाठोपाठ चार महिने पाऊस. तेव्हा पुठ्ठा, थर्माकोल आणि प्लायवूड आत्ताच बाजूला ठेवा. पुठ्ठा पहिल्या सरीत जातो आणि प्लायवूड उधई खाते.

टेबलावर हे काढून ठेवा: ५ मिमीचा पीव्हीसी सनबोर्ड (पाट्या करणाऱ्यांकडे तुकडे स्वस्तात मिळतात), पाइप जोडायचं सॉल्व्हंट सिमेंट, कटर, पोलादी पट्टी, गुण्या, बारीक पॉलिश पेपर, संपलेलं बॉलपेन, शीतपेयांचे रिकामे अॅल्युमिनियमचे कॅन, ३.१५ मिमीच्या वेल्डिंगच्या कांड्या, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार, स्टेनलेस स्टीलचे बारीक स्क्रू, सिलिकॉन, बाहेरच्या भिंतीला लावतात तो अॅक्रिलिक रंग आणि एक फरशीचा तुकडा.

आधी माप

१. पट्टीवर अर्ध्या इंचाला ‘एक फूट’ असं लिहा. झालं तुमचं १:२४ चं प्रमाण! खऱ्या नॅरोगेजचा रूळ अडीच फुटी, म्हणजे आपल्याकडे सव्वा इंच. बाजारात मिळणारा ३२ मिमीचा रूळ त्यात चपखल बसतो. ४५ मिमीचा रूळ घेतलात तर तो साडेतीन फुटी दिसेल आणि गाडी उगाच जाडजूड वाटेल.

२. एखादं जुनं छोटं स्टेशन फुटांत मापून आणा. स्टेशन मास्तरांना विचारल्याशिवाय टेप काढू नका, आणि रुळाच्या बाजूला तर मुळीच जाऊ नका. डब्यांची मापं हवी असतील तर नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथे डब्याशेजारी निवांत उभं राहता येतं.

३. मापं निम्मी करून इंचांत लिहा. वीस फुटांची भिंत दहा इंच, दहा फुटांची उंची पाच इंच, सात फुटांचं दार साडेतीन इंच. इथे मिलिमीटर आणि इंच एकत्र आणू नका, भल्याभल्यांची दारं वाकडी होतात.

मग जागा

४. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा रुळावर ठेवा.

५. डब्याच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना, त्याच्या बाजूला लागून, पेन्सिली उभ्या चिकटवा. टोक जमिनीला टेकलं पाहिजे.

६. डबा हाताने हळूहळू पुढे ढकला. मातीवर रेघ उमटेल. वळणाच्या आतल्या बाजूला डब्याचं पोट बाहेर येतं आणि बाहेरच्या बाजूला टोकं. म्हणून सरळ रुळावरचा अंदाज वळणावर चालत नाही.

७. त्या रेघेपासून एक सेंटिमीटर सोडून फलाटाची कड आखा. ही पायरी गाळलीत तर पहिलीच गाडी स्टेशनाचा व्हरांडा घेऊन जाईल.

८. फरशीच्या मापाचा चार इंच खोल खड्डा खणा. अंगणात धानाच्या बांधीसारखी चिकण माती असेल तर सहा इंच खणा, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते.

९. मुरूम भरून धुम्मसाने ठोका. एकदम भरू नका, दोन थरांत भरा.

१०. फरशी बसवा, रुळाच्या विरुद्ध बाजूला किंचित उतार देऊन. पाणी रुळाखाली गेलं की खडी बसते आणि गाडी डुलायला लागते.

भिंती

११. लांब भिंती दोन कापा: १० इंच बाय ५ इंच. कटर एकदाच जोर लावून ओढू नका, तीनचार वेळा हलक्या हाताने फिरवा.

१२. आडव्या भिंती दोन कापा: रुंदी ६ इंच नव्हे, तर १४२ मिमी. त्या लांब भिंतींच्या आत बसतात, म्हणून दोन्हीकडची पाच-पाच मिलिमीटरची जाडी वजा करायची. (होय, मिलिमीटर. एवढा एक अपवाद.) कडांना ५ इंच उंची आणि मधोमध ७ इंचांचं टोक ठेवा.

१३. दारं-खिडक्या कापून काढा. कोपऱ्यातून मध्याकडे कापा. उलट कापलंत तर कटर कोपऱ्यापलीकडे घसरतो.

१४. जोत्याच्या भागावर बॉलपेनने विटा कोरा. थरांच्या रेघा एक अष्टमांश इंचावर, उभ्या रेघा तीन अष्टमांश इंचावर. प्रत्येक थरात उभी रेघ खालच्या विटेच्या मध्यावर आली पाहिजे, नाहीतर विटा नाही, बाथरूमच्या टाइल्स दिसतील. अख्खी भिंत कोरायच्या फंदात पडू नका; वर रंगवलेला गिलावाच असतो.

१५. लांब भिंतींच्या वरच्या कडा छपराच्या उतारानुसार पॉलिश पेपरने बाहेरच्या बाजूला तिरप्या घासा. हे आत्ताच करा. भिंती जोडल्यावर हात आत जात नाही.

१६. पहिला कोपरा गुण्याला लावून सॉल्व्हंट सिमेंटने जोडा. ब्रशचा एकच फटकारा पुरे. जास्त लावलंत तर सनबोर्ड विरघळून खड्डा पडतो. काम उघड्यावर करा, वास डोक्यात जातो.

१७. प्रत्येक कोपऱ्यात आतून सनबोर्डची अर्धा इंच चौकोनी पट्टी चिकटवा. उन्हातला ताण ही पट्टी सोसते, नुसता सांधा सोसत नाही.

१८. उरलेले तीन कोपरे त्याच रीतीने पूर्ण करा.

१९. आडव्या भिंतींना छपराखाली दोन-दोन भोकं पाडा. आतली गरम हवा बाहेर पडली नाही तर मे महिन्यात भिंती पोट काढतात.

२०. खिडक्यांना तांब्याच्या तारेचे गज लावा. बांधकामाची बाइंडिंग वायर वापरू नका, पहिल्याच पावसात खिडकीखाली गंजाचे ओघळ येतात.

टिनाचं छप्पर

हा भाग सगळ्यात मजेचा, इथे घाई करू नका. खऱ्या टिनाच्या पत्र्यावरची नाळ तीन इंचाला एक येते. ३.१५ मिमीची कांडी शेजारी शेजारी ठेवली की १:२४ ला अगदी तेवढंच अंतर मिळतं. कवेलूचं छप्परही करता येईल, पण पहिल्या स्टेशनाला टिनच बरं.

२१. कांड्यांवरचं आवरण हातोडीने ठोकून काढा. चष्मा लावा, कपच्या डोळ्यात उडतात.

२२. कांड्या एका लाकडी फळीवर एकमेकींना खेटून अॅराल्डाइटने चिकटवा. फट राहिली तर नाळ तिथे रुंद होते आणि डोळ्याला लगेच टोचते.

२३. कॅनचं वरचं आणि खालचं झाकण कापून पत्रा सपाट करा. जाड हातमोजे घाला. याची धार ब्लेडसारखी असते.

२४. पत्र्याचे अडीच इंच लांब, दीड इंच रुंद तुकडे कापा.

२५. तुकडा कांड्यांवर ठेवून एकेका खाचेतून बॉलपेनची मागची गोल बाजू दाबत फिरवा. एका कडेकडून दुसरीकडे जा. मधून सुरुवात केलीत तर पत्रा फाटतो.

२६. सनबोर्डच्या साडेअकरा बाय साडेचार इंचांच्या दोन फळ्या कापा.

२७. दोन्ही फळ्यांना सगळीकडून पांढरा रंग द्या. काळ्या किंवा गडद फळीला ऊन शोषायची सवय, आणि सनबोर्ड तापला की मऊ पडतो.

२८. दोन्ही फळ्या भिंतींवर ठेवून मधल्या रेषेत एकमेकींना जोडा. लक्ष ठेवा, भिंतींना त्या चिकटता कामा नयेत! छप्पर अख्खं उचलता आलं पाहिजे.

२९. पत्र्याची खालची रांग आधी लावा, सिलिकॉनच्या ठिपक्यांनी.

३०. वरची रांग तिच्यावर अर्धा इंच चढवून लावा. क्रम उलटा झाला तर पाणी थेट आत.

३१. माथ्यावर पत्र्याची दुमडलेली पट्टी बसवा.

३२. छप्पर भिंतींच्या कोपऱ्यातल्या पट्ट्यांना चार स्क्रूंनी पकडा.

रंग आणि नाव

३३. छपराचे स्क्रू काढून भिंती वेगळ्या रंगवा: वर फिकट पिवळा, जोत्याला गेरूचा. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. जाड रंगात कोरलेल्या विटा बुजतात.

३४. पत्र्यावर आधी अॅल्युमिनियमला चालणारा प्रायमर मारा. लोखंडाचा रेड ऑक्साइड इथे टिकत नाही, सालीसारखा निघतो.

३५. पत्र्याला करडा रंग द्या.

३६. राइस मिलची तुसाची राख पातळ कापडातून चाळून मॅट व्हार्निशमध्ये चिमूटभर मिसळा. गोंदियात ही राख मागायला लाजू नका, लोक आनंदाने देतात.

३७. जवळजवळ कोरड्या ब्रशने ती छपराच्या रुळाकडच्या बाजूला टिपा. इंजिनाचा धूर तिथेच बसायचा. दोन टिपण्यांत थांबा. तिसऱ्यात स्टेशन जळाल्यासारखं दिसतं.

३८. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव लिहा: मराठी, हिंदी, इंग्रजी. समुद्रसपाटीपासूनची उंची मनाने लिहू नका. खऱ्या फलकावर असते, तिथून उतरवून आणा.

३९. स्टेशन फरशीवर ठेवून जोत्याच्या बाजूने दोन स्क्रूंनी अडकवा. मे महिन्यातल्या वावटळीत नुसतं ठेवलेलं स्टेशन शेजारच्या अंगणात सापडतं.

पावसाळ्यानंतरची डागडुजी

दसरा-दिवाळीच्या सुमारास एक दिवस यासाठी राखून ठेवा. जुनं, मोडकं स्टेशन कुणाकडून मिळालं असेल तरी इथूनच सुरुवात करा.

४०. काठीने छप्पर ठोका. हात आधी घालू नका, चार महिन्यांत आत विंचू किंवा साप बिऱ्हाड करून बसलेला असू शकतो.

४१. स्क्रू काढून छप्पर आणि भिंती वेगळ्या करा.

४२. कोरड्या ब्रशने माती, कोळ्याची जाळी, मुंग्यांची वारुळं झाडा. ओल्या फडक्याने सुरुवात केलीत तर मातीचा लेप होतो.

४३. फक्त भिंती साबणाच्या पाण्याने धुवा.

४४. शेवाळ उरलं असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर ब्लीचिंग पावडर घालून ब्रशने लावा आणि दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. हे पाणी पत्र्याला लागू देऊ नका, अॅल्युमिनियम काळं पडतं.

४५. सावलीत दोन दिवस वाळवा. ओल्या सांध्यात सिमेंट धरत नाही.

४६. प्रत्येक सांधा हलकेच ताणून बघा. जो हलतो तो पूर्ण उघडा. अर्धवट सुटलेल्यात वरून सिमेंट ओतणं म्हणजे आजारी दातावर पान लावणं.

४७. जुनं सिमेंट कटरने खरवडा.

४८. पुन्हा जोडा, आतली पट्टी नवी लावा.

४९. भेगा आणि तुटलेले कोपरे एमसीलने भरा, आणि ते कडक व्हायच्या आत विटांच्या रेघा बॉलपेनने पुन्हा ओढा.

५०. फाटलेला पत्रा एकटा बदला. शेजारचे तुकडे उकलू नका.

५१. जिथे रंग उडाला तिथेच रंग द्या. सगळं स्टेशन नव्याने रंगवायचा मोह होईल, पण मग त्यावर बसलेलं चार पावसाळ्यांचं वय जातं, आणि ते डबीत मिळत नाही.

५२. फरशीखालचा मुरूम खचला असेल तर फरशी उचलून भर घाला.

५३. पेन्सिली लावलेला डबा पुन्हा एकदा फिरवा. पावसात रूळ सरकतो, फलाट सरकत नाही.

५४. स्टेशन जागेवर ठेवा आणि स्क्रू बोटांनी फिरतील तेवढेच आवळा, सनबोर्डात आटे लवकर जातात.