कृतज्ञता आणि हातचें काम

'कृतज्ञता' हा शब्द आपण निबंधांतून पुष्कळदां लिहितों; परंतु त्याची फोड करून पाहणें आपल्या ध्यानांत क्वचितच येतें. 'कृत' म्हणजे केलेलें आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्याकरितां कोणीं काय केलें हें जो जाणतो, तो कृतज्ञ. तेव्हां जाणणें आधीं, आणि आभार मानणें मागाहून. भाकरीमागचे श्रम ज्याला ठाऊक नाहींत, त्यानें जेवणापूर्वीं कितीही सुंदर शब्दांत प्रार्थना केली तरी ती ओठांवरचीच राहते. मग हें जाणणें घरांत कसें शिकावें? आमचें उत्तर असें कीं, तें हातानें शिकावें. या लेखांत देवणीच्या परिसरांतील घरोघरच्या तीन साध्या वस्तू घेऊन आम्ही या विषयाचा थोडा विचार करणार आहों. त्या वस्तू म्हणजे दोर, वाकळ आणि टोपली.

दोर

देवणी हें नांव ज्या गोवंशामुळें दूरवर गेलें, तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पांढऱ्या अंगाचा पण तोंडाच्या बाजूंस काळा असा वानेरा, निव्वळ पांढरा बाळंक्या आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला शेवरा, असे त्याचे तीन प्रकार मानतात. हीं जनावरें दुधाला चांगलीं आणि औताला दणकट. श्रावणी अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशीं बैलांचे खांदे हळद व लोणी लावून चोळतात. सणाच्या दिवशीं शिंगें रंगवितात, झूल घालतात, घुंगरमाळा बांधतात, नवी वेसण आणि नवा कासरा देतात. वर्षभर राबलेल्या मुक्या प्राण्याचे उपकार स्मरण्याची ही रीत आमच्या शेजाऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या जपली आहे, आणि ती आदरास पात्र आहे.

परंतु तो नवा कासरा कोणीं वळला? अंबाडीचीं ताटें कापून पाण्यांत कुजवावीं लागतात. साल सोलून वाख धुवावा, वाळवावा लागतो. मग त्याची सुतळी काढून तीन पेड एकत्र पिळावयाचे. एका पेडाचा ताण कमी पडला तर सगळा दोर वांकडा होतो. जुन्या गांवगाड्यांत हें काम मातंग समाजाकडे असे. दोर, दावीं, केरसुण्या तो पुरवी आणि सुगीला बलुतें म्हणून धान्य घेई. ज्या दिवशीं बैलाला ओवाळीत, त्याही दिवशीं बैलाचा दोर वळणारा उंबऱ्याबाहेरच उभा राही. कृतज्ञता बैलापर्यंत पोहोंचली, माणसापर्यंत पोहोंचली नाहीं. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी केली. तथापि कायद्यानें बंद झालेली गोष्ट मनांतून काढण्याचें काम घरांतच व्हावें लागतें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कित्येकांचे आजे-पणजे हातानें काम करून पोट भरीत. त्यांचा धंदा सांगतांना कांहीं मुलें मान खालीं घालतात, हें आम्ही पाहतों. लाज वाटावयाची तर ती दोर वळणाराला कां वाटावी? ज्यानें तो घेतला आणि वळणाराला माणूस म्हणून ओळखलें नाहीं, त्याला ती वाटावी. पवित्र शास्त्र या बाबतींत स्पष्ट आहे. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायांत देवाच्या आत्म्यानें परिपूर्ण झालेला म्हणून ज्या बसालेलाचें वर्णन आहे, तो सोनें, रुपें, लांकूड आणि दगड यांवर काम करणारा कारागीर होता. प्रेषित पौल तंबू करून आपला निर्वाह चालवी. आपल्या प्रभूला तर गांवचे लोक सुतार म्हणूनच ओळखीत.

वाकळ

दुसरी वस्तु वाकळ. नऊवारी लुगडें जुनें झालें कीं आजी तें टाकीत नाहीं. खालीं-वर लुगडें आणि मध्यें घरांतल्या सर्वांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे घालून ती धांवदोऱ्यानें शिवावयास बसते. हजारों टांके पडतात, तेव्हां थंडीच्या रात्रीं एका नातवाला ऊब मिळते. त्या वाकळेंत बापाचें धोतर असतें, मोठ्या बहिणीचें परकर असतें, कधीं आतां या जगांत नसलेल्या आजोबांचा सदराही असतो. पांघरणाऱ्यानें हें जाणून पांघरलें तर ती नुसती वाकळ राहत नाहीं. घराचा इतिहासच त्याच्या अंगावर येतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायांत यापो येथील टबीथा, म्हणजेच दुर्कस, हिची कथा आहे. ती निवर्तली तेव्हां गांवच्या विधवा रडत जमल्या आणि तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें पेत्राला दाखवूं लागल्या. तिची थोरवी सांगावयास त्यांना मोठीं भाषणें करावीं लागलीं नाहींत. शिवलेलें वस्त्र हीच साक्ष झाली.

टोपली

तिसरी वस्तु टोपली. बुरूड ती कळकाची विणतात. शेतकरी तुराट्यांचीं डालीं करतात. मार्गशीर्षांतील अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडील गांवें ओस पडतात आणि शेतें माणसांनीं भरून जातात. आपण जिला येळवस म्हणतों ती हीच. रब्बीचें पीक उभें असतें. कडब्याची खोप उभारून तींत पांच पांडव मांडतात, आणि डोक्यावरच्या टोपल्यांतून आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे व खीर शेतावर येते. ज्याला शेत नाहीं त्यालाही शेजारी आग्रहानें बोलावतो. पूजा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. आपल्या घरीं आपण एका देवाचीच उपकारस्तुति करतों. परंतु पीक घरांत येण्यापूर्वींच शेजाऱ्याला जेऊं घालावें, हा धडा कोणीही घ्यावा असाच आहे.

अनुवादाच्या २६ व्या अध्यायांतही टोपलीच आहे. इस्राएल लोकांनीं भूमीचें प्रथमफळ टोपलींत घालून देवापुढें आणावें, अशी आज्ञा तेथें आहे. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, टोपली ठेवतांना आपले पूर्वज मिसरांत दास होते, हें त्यांनीं उघड बोलून दाखवावयाचें होतें. मग लेवी आणि परदेशी यांनाही आनंदांत सहभागी करून घ्यावयाचें होतें. पूर्वजांचे कष्ट न लपवितां सांगणें आणि परक्याला पंगतीला घेणें, या दोन गोष्टींवांचून ती उपकारस्तुति पुरी होत नसे. पुष्कळ मराठी मंडळ्यांत हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक धान्य, भाजीपाला, कोंबडी आणतात, त्याचें मूळ येथें आहे.

घरचा अभ्यास

कोणी म्हणेल, आतां नायलॉनचा कासरा बाजारांत तयार मिळतो, ब्लँकेट स्वस्त आहे, औताच्या जागीं ट्रॅक्टर आला; मग हा उद्योग कशाला? सर्वच वस्तू घरीं कराव्या असें आमचें म्हणणें नाहीं. प्रत्येक मुलानें एक तरी वस्तु आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः करावी, म्हणजे इतर वस्तूंमागचे हात त्याला दिसूं लागतील. यंत्रानें केलेल्या वस्तूलाही कोणाचे तरी हात लागलेलेच असतात.

पालकांना आमची विनंती आहे कीं, आठवड्यांतून एका रात्रीं जेवणापूर्वीं मुलांना ताटांतील एक पदार्थ दाखवावा आणि तो येथपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आला तें सांगावयास लावावें; नंतरच प्रार्थना करावी. आजीजवळ मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, दहा टांके घालावयास बसवावें. कारागिराकडून वस्तु घेतांना मुलांदेखत घासाघीस करूं नये. त्याचें नांव विचारावें, त्याला घरांत बसवून पाणी द्यावें.

विद्यार्थ्यांनीं आपल्या आजोबांना किंवा पणजोबांना कोणतें काम येत होतें तें विचारून वहींत लिहावें, आणि जमल्यास त्यांतलें थोडें शिकून घ्यावें. दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यांतला एकच परत आला, ही कथा तुम्हांस पाठ आहे. उरलेले नऊ कांहीं दुष्ट नव्हते. ते पुढें चालत राहिले, इतकेंच. जो मागें वळून पाहतो, त्यालाच देणाऱ्याचें तोंड दिसतें.