बदललेला खुबा : पुढची काळजी
आपल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचे वरचे टोक मरते. काहींना ऐन तिशीत खुब्याचा कृत्रिम सांधा बसवावा लागतो. सर्वसाधारण रुग्णांत सुमारे 58 टक्के सांधे 25 वर्षे टिकतात. तरुणांना मात्र आयुष्यात दुसरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता जास्त. तेव्हा हाड कमी उरते, जंतुसंसर्गाचा व सांधा निखळण्याचा धोका वाढतो, आणि नवा सांधा सहसा पहिल्याइतका टिकत नाही.

म्हणून गृहभेटीत मी आवर्जून सांगते : दुखत नसले तरी ठरल्या वेळी एक्स-रे काढा. सैल झालेल्या सांध्याभोवतीचे हाड गुपचूप झिजते. जांघेत दुखू लागले किंवा लंगडणे वाढले, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. जखमेतून पू आला किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.