'ओ' असूनही 'ओ' नाही!

ओ ग्रुपवाला कोणालाही रक्त देऊ शकतो, हे आपण शाळेपासून घोकतो. मीही तेच धरून चाललो होतो. मागच्या वर्षी रूममेटच्या काकांचं ऑपरेशन ठरलं. रिपोर्ट ओ पॉझिटिव्ह. हॉस्टेलवरचे आम्ही चार ओ पॉझिटिव्हवाले धावत गेलो, तर क्रॉसमॅचमध्ये एकाचंही रक्त जुळेना! शेवटी कळलं, काका 'बॉम्बे ब्लड ग्रुप'चे.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट शोधला. भारतात साधारण १०,००० जणांत एकाचा.

सिव्हिलवाल्यांच्या भाषेत सांगतो. तांबड्या पेशीवर 'एच' हा पाया असतो. त्यावर ए किंवा बी चा मजला चढतो. ओ म्हणजे नुसता पाया. आई-वडील दोघांकडूनही एच चा सदोष जनुक आला, तर पायाच पडत नाही. नेहमीच्या तपासणीत ए नाही, बी नाही, म्हणजे ओ असं वाटतं. पण अशा रक्तात एच विरुद्धच प्रतिपिंडे असतात, त्यामुळे ओ चं रक्तही जिवावर बेतू शकतं. यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

मग शोधायचं कुठे? आधी सख्ख्या भावंडांत, कारण तिथे शक्यता २५ टक्के. काकांना त्यांच्या बहिणीचंच रक्त मिळालं.

तेव्हा कार्डावरच्या 'ओ'वर विसंबू नका. क्रॉसमॅच होऊ द्या!