भरवशाचा संगणक

मुलांनो, संगणक आज तुमच्या परिचयाचा आहे. परंतु शाळेत त्याचे आगमन होऊन फार काळ लोटलेला नाही. १९८४ साली भारत सरकारने ‘क्लास’ नावाची योजना सुरू केली व निवडक माध्यमिक शाळांना संगणक दिले. पुढे हळूहळू तो खेडोपाडीच्या शाळांतही पोचला.

मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेतही एक संगणक आणि पडद्यावर चित्र दाखविणारा प्रोजेक्टर आला. पहिलाच पाठ हृदयाविषयी होता. चाळीस मुले उत्सुकतेने बसली होती. पडद्यावर हृदयाचे स्पंदन दिसू लागले, आणि तोच वीज गेली! वीस मिनिटांनी ती परत आली. परंतु संगणक काही केल्या सुरू होईना. मुले हिरमुसली. तालुक्याहून जाणकार येऊन यंत्र दुरुस्त होईपर्यंत आठवडा गेला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर हिशेब मांडला. एका मुलाची वीस मिनिटे, तर चाळीस मुलांची आठशे मिनिटे. म्हणजे तेरा तासांहून अधिक काळ आपण नुसती वाट पाहण्यात दवडला! दोष यंत्राचा नव्हता. आम्ही यंत्र आणले होते. व्यवस्था मात्र लावली नव्हती.

मग आम्ही कामाला लागलो. प्रथम वायरमनकडून अर्थिंग नीट करून घेतले. तारेतील वीज चुकून यंत्राच्या धातूच्या भागात उतरली, तर अर्थिंगमुळे तिला जमिनीत जाण्यास वाट मिळते व माणसाचा धोका टळतो. नंतर यूपीएस बसविला. वीज जाताच त्यातील बॅटरी काही मिनिटे संगणक चालू ठेवते. तेवढ्या अवधीत काम जतन करून तो रीतसर बंद करता येतो. एकाएकी बंद पडल्यास आतील माहिती बिघडण्याचा संभव असतो.

इंटरनेटचा नेहमीच भरवसा धरता येत नाही; म्हणून पाठाची चित्रे आधीच संगणकात साठविली व त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली. धूळ पुसणे, यंत्र थंड झाल्यावरच त्यावर कापड घालणे, शाळा भरण्यापूर्वी ते चालवून पाहणे व बिघाडाची नोंद वहीत करणे, ही कामे मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली वाटून घेतली.

पावसाळ्यात एके दिवशी पुन्हा वीज गेली. प्रोजेक्टर विझला; पण या खेपेस कोणी गडबडले नाही. एका मुलीने संगणक रीतसर बंद केला. शिक्षकांनी खडू उचलला व फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढले. पाठ थांबला नाही.

मुलांनो, साधन कितीही नवे असो, त्याची निगा राखणारे हात आणि ते बंद पडल्यास करावयाची तजवीज ही दोन्ही हवीत. मगच ते साधन आपल्या उपयोगी पडते.

स्वाध्याय
१. वीस मिनिटे फुकट गेल्याचा हिशेब लेखकाने कसा मांडला?
२. यूपीएसचा उपयोग तुमच्या शब्दांत सांगा.
३. वाक्यांत उपयोग करा : हिरमुसणे, जतन करणे, तजवीज करणे.